युसूफ इस्लाम : एक गाणे, दोन आवाज

लहानपणी आमच्या घरी एक कॅसेट होती, ‘ए इज फॉर अल्लाह’. भाईजानने ती मुंबईहून आणली होती. अरबी मुळाक्षरांच्या निमित्ताने मुलांना दीनच्या गोष्टी सांगणारा त्यातला आवाज युसूफ इस्लाम यांचा. हे गृहस्थ पूर्वी विलायतेतले मोठे गायक होते आणि सारे सोडून मुसलमान झाले, एवढीच आम्हा भावंडांची माहिती. पुढे बी.एड.ला असताना वसतिगृहात माझ्या खोलीतली मैत्रीण मोबाइलवर ‘वाइल्ड वर्ल्ड’ नावाचे इंग्रजी गाणे लावत असे. आवाज ओळखीचा वाटायचा. गायकाचे नाव तिने कॅट स्टीव्हन्स असे सांगितले. कॅट स्टीव्हन्स आणि आमच्या कॅसेटमधले युसूफ इस्लाम हे एकच, हे मला दोन दिवसांनी कळले.

नोकरीला लागल्यावर एकदा स्टाफरूममध्ये विषय निघाला. आमचे इंग्रजीचे सर जुन्या रॉक संगीताचे शौकीन. ते म्हणाले, “मॅडम, तो माणूस १९७८ मध्येच संपला. पुढे उरले ते फक्त प्रवचन.” घरी येऊन हेच भाईजानला सांगितले, तर तो दुसऱ्या बाजूने नाराज. “एकदा सोडले ते सोडले. पुन्हा गिटार हातात घ्यायची काय गरज होती?” दोघांचीही मते ठाम होती. अधिक विचारले तेव्हा उघड झाले की सरांनी १९७८ नंतरचे एकही गाणे ऐकलेले नाही आणि भाईजानने १९७८ पूर्वीचे एकही नाही.

ही फक्त आमच्याकडची गोष्ट नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या त्यांच्या चाहत्यांत गेली अनेक वर्षे हाच वाद चालू आहे. गीतकार म्हणून हा माणूस वाढला की खुंटला? वादाला धर्माचे टोक असल्यामुळे बोलणे लगेच तापते, आणि ज्या गाण्यांवर बोलायचे ती बाजूला राहतात. प्रस्तुत लेखात मला त्या गाण्यांविषयीच बोलायचे आहे.

आधी थोडा जीवनपट. २१ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये जन्म. मूळ नाव स्टीव्हन दिमित्री जॉर्जिऊ. वडील सायप्रसचे ग्रीक, आई स्वीडनची. लंडनच्या नाटक-सिनेमांच्या वस्तीत आईवडिलांचे छोटे उपाहारगृह होते, त्याच्याच वर घर. १९६६ मध्ये पहिले गाणे निघाले आणि १९६७ मध्ये ‘मॅथ्यू अँड सन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. एका पेढीत राबराब राबणाऱ्या कारकुनांचे हे गाणे त्यांनी अठराव्या वर्षी लिहिले. गाणे गमतीचे आहे. पण मालकाच्या घड्याळावर जगणारी माणसे या पोराने नीट पाहिली होती हे त्यातून कळते. ‘द फर्स्ट कट इज द डीपेस्ट’ हेही याच काळातले. पुढे ते पी. पी. आर्नल्ड, रॉड स्टुअर्ट, शेरिल क्रो अशा वेगवेगळ्या पिढ्यांतल्या गायकांनी गाऊन गाजवले.

१९६८ च्या सुरुवातीला त्यांना क्षयाने गाठले. इस्पितळात काही महिने आणि मग घरी बराच काळ सक्तीची विश्रांती. तिथे त्यांनी धर्म आणि ध्यान यांवरची पुस्तके वाचली, मरणाचा विचार केला आणि गाण्यांमागून गाणी लिहिली. १९७० मध्ये ‘मोना बोन जेकन’ ही तबकडी आली तेव्हा माणूस पार बदललेला होता. मोठा वाद्यवृंद गेला होता. एक-दोन गिटारी, थोडा पियानो आणि अगदी जवळून बोलल्यासारखा आवाज, एवढेच राहिले होते. त्यामागे निर्माते पॉल सॅमवेल-स्मिथ आणि गिटारवादक अलन डेव्हिस यांचाही हात होता. पुढे १९७० मध्येच ‘टी फॉर द टिलरमन’, १९७१ मध्ये ‘टीझर अँड द फायरकॅट’ आणि १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली ‘कॅच बुल ॲट फोर’. गीतकाराची वाढ कशाला म्हणतात हे १९६७ ते १९७० या तीन वर्षांत दिसते. याबाबत चाहत्यांत दुमत नाही. वाद पुढच्या काळाविषयी आहे.

या वादात ढोबळमानाने तीन पक्ष पडतात. पहिला पक्ष सांगतो की १९७० ते १९७४ हाच सुवर्णकाळ, धर्माने एक चांगला गीतकार खाल्ला. दुसरा म्हणतो की उलट ते खऱ्या अर्थाने मोठे झाले, शोधणाऱ्याला मुक्काम सापडला, नंतरच्या गाण्यांतला साधेपणा ही परिपक्वता आहे. तिसरा पक्ष आपल्यातला. त्याला गाण्यांशी फारसे देणेघेणे नाही. एक जगप्रसिद्ध माणूस आपल्यात आला, हा अभिमान त्याला पुरेसा आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे तारखा लावून पाहिले की लंगडे पडते. युसूफ यांनी इस्लाम स्वीकारला डिसेंबर १९७७ मध्ये. पण गाण्यांतली घसरण त्याआधीच सुरू झाली होती. १९७३ च्या ‘फॉरेनर’मध्ये त्यांनी नेहमीचे निर्माते सोडले, अलन डेव्हिस यांची साथ सोडली, जमैकात जाऊन ध्वनिमुद्रण केले आणि तबकडीची एक पूर्ण बाजू एकाच अठरा मिनिटांच्या रचनेला दिली. धाडस होते. त्यात सुंदर जागाही आहेत. पण एकसंध गाणे तयार झाले नाही. १९७५ च्या ‘नंबर्स’मध्ये आकड्यांच्या गूढ गोष्टीखाली गाणी दबून गेली. १९७७ च्या ‘इझिट्सो’त सिंथेसायझरची चमक आहे, पण सांगण्यासारखे थोडेच. म्हणजे मुक्काम सापडण्याआधीच शोध थकला होता. दोष द्यायचाच तर प्रसिद्धी, दौरे आणि दरवर्षी एक तबकडी देण्याच्या व्यवहाराला द्यावा लागेल. थकलेल्या माणसाला धर्माने गाण्यातून बाहेर पडायचा दरवाजा दाखवला असे फार तर म्हणता येईल.

दुसऱ्या पक्षाची तपासणी करायला मला उर्दू समीक्षेचा आधार घ्यावासा वाटतो. मौलाना अल्ताफ हुसेन हाली (१८३७-१९१४) यांच्या बाबतीत असाच वाद झाला होता. गालिबचा हा शागिर्द गझल लिहीत होता. मग सर सय्यद यांच्या प्रभावाने कौमच्या इस्लाहकडे वळला आणि १८७९ मध्ये त्याने मुसद्दस लिहिला. हालीची शायरी वाढली की शायर गेला आणि सुधारक उरला, हा प्रश्न उर्दूच्या वर्गात आजही विचारला जातो. पण त्याच हालींनी १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त चांगल्या कवितेच्या तीन कसोट्या सांगितल्या : सादगी, असलियत आणि जोश. इंग्रज कवी मिल्टनच्या एका वचनावरून त्यांनी त्या घेतल्या होत्या. सादगी म्हणजे शब्द आणि विचार दोन्ही वाचकाच्या आवाक्यातले असणे. असलियत म्हणजे सांगितलेले जगात किंवा निदान कवीच्या मनात खरे असणे. जोश म्हणजे आरडाओरडा नव्हे. कवीने विषय धरला नसून विषयानेच कवीला धरले आहे असे वाटणे म्हणजे जोश. इंग्रजी कवीकडून उर्दूने घेतलेले हे माप इंग्रजी गीतकाराला लावायला हरकत नसावी.

‘फादर अँड सन’ हे १९७० चे गाणे घेऊ. रशियन क्रांतीवरच्या एका संगीतिकेसाठी ते मुळात लिहिले जात होते. आजारपणात तो बेत मागे पडला, गाणे मात्र राहिले. मुलाला घर सोडून जायचे आहे. बाप त्याला थांब म्हणतो, घाई करू नको, संसार मांड, माझ्याकडे पाहा असे समजावतो. चाल एकच आहे. बापाचे बोलणे खालच्या पट्टीत, सावकाश. मुलाचे वरच्या पट्टीत, दाटून आलेले. दोन्ही आवाज एकाच गायकाचे. शेवटाकडे दोघांचे बोलणे एकमेकांवर चढते. दोघेही बोलत राहतात आणि कोणीच ऐकत नाही.

सादगी पाहा. अडेल असा एक शब्द नाही. असलियत पाहा. बावीस वर्षांच्या गायकाने मुलाची बाजू मांडली यात नवल नाही. नवल हे की त्याने बापाला मूर्ख किंवा जुलमी केले नाही. बापाचे म्हणणे प्रेमाचे आहे आणि आपल्या जागी बरोबरही आहे. जोश मुलाच्या वर चढणाऱ्या आवाजात आहेच, पण मला तो बापाच्या संथपणात अधिक जाणवतो. आणि निकाल दिलेला नाही. या काळातली त्यांची उत्तम गाणी अशीच आहेत. ‘व्हेअर डू द चिल्ड्रन प्ले?’ तर शीर्षकापासूनच प्रश्न आहे. इतके रस्ते, इतकी विमाने, इतक्या उंच इमारती झाल्या, पण मुलांच्या खेळण्याच्या जागेचे काय, एवढेच ते विचारते आणि थांबते.

नोव्हेंबर १९७९ मध्ये लंडनच्या वेम्बले येथे युनिसेफसाठी झालेल्या कार्यक्रमात ते गायले आणि मग थांबले. १९८३ मध्ये त्यांनी लंडनमध्ये इस्लामिया शाळा काढली. पुढे १९९८ मध्ये तिला सरकारी अनुदान मिळाले. शाळा चालवणे हे काय काम असते हे शिक्षकाला सांगायला नको. त्या वर्षांना ‘वाया गेलेली’ म्हणणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. पण शाळा काढली म्हणून गाणे चांगले होत नाही, हेही तितकेच खरे. १९८९ मध्ये सलमान रश्दींच्या कादंबरीच्या वादात त्यांनी केलेल्या विधानांमुळे अनेक चाहते कायमचे दुखावले. आपण त्या फतव्याला पाठिंबा दिला नव्हता, असे ते पुढे सांगत राहिले. ‘टेन थाउजंड मॅनिॲक्स’ या अमेरिकन गटाने तर आपण गायलेले त्यांचे ‘पीस ट्रेन’ पुढच्या आवृत्त्यांतून काढून टाकले. तेव्हापासून पुष्कळ लोक त्यांचे गाणे कानाने ऐकत नाहीत. आधी माणसाचा निकाल लावतात, मग गाण्याचा.

मुलाने घरी आणून ठेवलेली गिटार एका पहाटे त्यांनी हातात घेतली, असे ते सांगतात. संगीताच्या हलाल-हरामविषयी उलेमांत मतभेद आहेत. युसूफ यांनी आपली भूमिका २०१४ च्या ‘व्हाय आय स्टिल कॅरी अ गिटार’ या पुस्तकात मांडली आहे. तो या लेखाचा विषय नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांनी केलेल्या ‘इंडियन ओशन’ या गाण्यात आपले ए. आर. रहमान यांची साथ आहे. आणि २००६ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, ‘ॲन अदर कप’ ही नवी तबकडी आली, तीही केवळ ‘युसूफ’ या नावाने.

या तबकडीचे स्वागत आपल्याकडे आणि तिकडेही प्रेमाने झाले. आवाज तसाच मऊ होता. परंतु हालींची माप लावली तर काय दिसते? सादगी आहे. असलियतही आहे, कारण गाणाऱ्याचा विश्वास खरा आहे. कमी पडतो तो जोश. बऱ्याच गाण्यांत विषयाने गायकाला धरलेले नाही, गायकाने विषय हातात धरून आपल्यापुढे ठेवला आहे. जन्नतची हिरवी कुरणे, शांतता, प्रेम हे सारे सुंदर आहे, पण सारे ठरलेले आहे. १९७० चा गीतकार प्रश्न विचारून थांबत असे. २००६ चा गीतकार उत्तरापासून सुरुवात करतो. जिथे दुसरा आवाज नाही तिथे नाट्य नाही. या गाण्यांना परिपक्वता म्हणणारे चाहते माणसाच्या समाधानाला गाण्याचे यश समजत आहेत. समाधान माणसाला मिळाले याचा आनंदच आहे. गाण्याला ते वेगळे कमवावे लागते. २०२३ च्या ‘किंग ऑफ अ लँड’मध्येही हे जाणवते. राजा झालो तर काय करीन असे स्वप्न पाहणारे मूल गोड आहे, पण त्या राज्यात त्याला अडवणारे कोणीच नाही.

मग वाढ झालीच नाही का? झाली, पण पक्ष दाखवतात तिथे नाही.

सप्टेंबर २००४ मध्ये युसूफ लंडनहून वॉशिंग्टनला निघाले होते. संशयितांच्या यादीत नाव असल्याचे सांगून ते विमान मधेच बँगोर या गावी उतरवले गेले आणि त्यांना परत पाठवण्यात आले. ‘पीस ट्रेन’ लिहिणाऱ्याला शांततेचा शत्रू ठरवले गेले. यावर त्यांनी नंतर ‘बूट्स अँड सँड’ हे गाणे केले. त्यात पॉल मॅकार्टनी आणि डॉली पार्टन यांचेही आवाज आहेत. विषय अपमानाचा, पण चाल अमेरिकन गुराख्यांच्या गाण्यासारखी खेळकर. तक्रार नाही, वाज नाही. ज्या देशाने परत पाठवले त्याच देशाच्या चालीत त्याची चेष्टा आहे. २००९ चे ‘रोडसिंगर’ही असेच. एक फिरस्ता गायक गावात येतो आणि त्याला पाहून दारे बंद होतात. इथे उत्तर हातात नाही, गोष्ट आहे, आणि म्हणून गाणे पुन्हा जिवंत आहे. सत्तरच्या दशकातल्या कॅट स्टीव्हन्सला हे लिहिता आले नसते. त्याच्यासाठी कोणी दार बंद केले नव्हते. नाव, दाढी आणि पासपोर्ट यांवरून अडवले जाणे काय असते हे आपल्यातल्या अनेकांना वेगळे सांगावे लागत नाही. पण गाणे चांगले आहे ते आपल्या दुःखाविषयी आहे म्हणून नव्हे. त्या दुःखावर हसण्याची ताकद त्यात आहे म्हणून.

आणि दुसरी जागा २०२० ची. ‘टी फॉर द टिलरमन’ला पन्नास वर्षे झाली तेव्हा त्यांनी त्यातली सगळी गाणी नव्याने गायली. काहींची लय पार बदलली. निर्माते पुन्हा पॉल सॅमवेल-स्मिथच, आणि तबकडीवर दोन्ही नावे, युसूफ आणि कॅट स्टीव्हन्स. जुने नाव त्यांनी आधीच्याही तबकडीवर परत घेतले होते. त्यात ‘फादर अँड सन’ आहे. बापाच्या ओळी बहात्तर वर्षांचे युसूफ गातात. मुलाच्या ओळींसाठी मात्र १९७० मध्ये लॉस एंजलिसच्या ‘ट्रूबडोर’ या ठिकाणी झालेल्या कार्यक्रमाचे जुने ध्वनिमुद्रण वापरले आहे. म्हणजे बावीस वर्षांचा कॅट स्टीव्हन्स आणि बहात्तर वर्षांचा युसूफ इस्लाम समोरासमोर बोलतात.

शब्द बदललेले नाहीत. पण पूर्वी ज्या ओळी एक तरुण बापाची नक्कल करत म्हणत होता, त्या आता एक बाप, एक आजोबा म्हणतो आहे. थांब, घाई करू नको, हे सांगणाऱ्या माणसाने स्वतः तारुण्यात सारे सोडून दिले होते हे आपल्याला माहीत असते, आणि त्यालाही. त्यामुळे उपदेशात एक कबुली मिसळते. मुख्य म्हणजे म्हाताऱ्या युसूफने तरुण कॅटला गप्प केले नाही. दुरुस्त केले नाही, त्याच्या तोंडी शहाणपण घातले नाही. त्याला त्याच्याच आवाजात, तसेच रागाने बोलू दिले. ज्या कलावंताने एके काळी आपला सारा भूतकाळ बाजूला ठेवला, त्याने तो असा परत घेणे, ही मला त्यांची सगळ्यात मोठी वाढ वाटते. नवी ओळ न लिहिता त्यांनी जुन्या गाण्याचा अर्थ वाढवला. चाहते नवीन गाण्यांत वाढ शोधत राहिले आणि ती झाली पन्नास वर्षांच्या जुन्या गाण्यात.

उर्दूत दोन शब्द आहेत. सुखनफहम, म्हणजे बोल समजणारा, आणि तरफदार. या दोघांतला फरक गालिबने आपल्याला शिकवला. आपल्या बाबतीत तो आज विसरला जातो असे मला वाटते. आपल्यातल्या एखाद्याचा कवितासंग्रह निघाला की ‘समाजातल्या कवीने लिहिले’ म्हणून सत्कार होतो. बाहेरचा समीक्षक ‘मुस्लीम जीवनाचे दर्शन’ म्हणून दोन ओळी लिहितो. आपण खूश होतो. कविता कुणीच वाचत नाही. तरफदारीत लेखकाचा मान होतो, पण त्याच्या चुका त्याला कोणी सांगत नाही आणि त्याचे खरे यशही कोणी दाखवत नाही. युसूफ यांना स्टाफरूमने नाकारले, घराने अर्धेच स्वीकारले, आणि दोन्हीकडे गाणे अनऐकलेच राहिले. त्याचे मला वाईट वाटले ते याच कारणाने.

गेल्या वर्षी दहावीच्या मुलांना संवादलेखन शिकवताना मी ‘फादर अँड सन’चा प्रसंग उर्दूत सांगितला आणि विचारले, यात बरोबर कोण? मुलगे एका सुरात ‘बेटा’ म्हणाले. मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी म्हणाली, “टीचर, अब्बा खोटे बोलत नाहीत. पण ते ऐकतही नाहीत.” मग वर्गात वाद झाला, तास संपला तरी चालूच होता. गायक कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही. आधी गाण्याची ओळख व्हावी, गाणाऱ्याची नंतर करून देईन, असे मी ठरवले होते. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन भाईजानला २०२० चे ते गाणे लावून दिले. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, “तो मुलगा कोण गातोय?”